खोगिराचीं जुनीं सूचीपत्रें

मराठींत ‘खोगीरभरती’ हा शब्द कोणत्या अर्थानें वापरतात हें वाचकांस सांगावयास नको. सभेस माणसें कमी पडलीं म्हणून भलतेसलते लोक आणून बसवावे, ग्रंथाचीं पानें भरत नाहींत म्हणून वाटेल तो मजकूर कोंबावा, कीं झाली खोगीरभरती. बुडालेला व्यापारी ‘गाशा गुंडाळतो’. तोंडाळ नातवाला आजी ‘जिभेला लगाम घाल’ म्हणून सांगते. परंतु खोगिरांत खरोखर काय भरीत असत आणि गाशा म्हणजे काय वस्तु, असें एखाद्या शिकल्यासवरल्या घरांत विचारून पाहावें. आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्व एकमेकांकडे पाहूं लागतील. खोगीर म्हणजे आंत भरण घालून शिवलेलें घोड्याच्या पाठीवरचें आसन. आंत काय भरलें आहे तें बाहेरून दिसत नाहीं, तेव्हां हातीं लागेल तें कोंबून काम भागविण्याचा मोह शिवणाऱ्यास होई; त्यावरून तो वाक्प्रचार. गाशा म्हणजे त्या खोगिरावर घालावयाचें आच्छादन. घोडा आमच्या दारांतून गेला, त्याचें सामानही गेलें. भाषेच्या खुंटीवर मात्र तें अजून टांगलेलें आहे.

वस्तु व्यवहारांतून उठली म्हणजे तिची खरी माहिती कोठें शोधावयाची, हा प्रश्न जुन्या वस्तूंच्या नादीं लागलेल्यांस नेहमीं पडतो. राजवाड्यांतील जरीकामाचें जीन संग्रहालयांतील कांचेच्या कपाटांत जातें. साध्या स्वाराचें, टप्प्याच्या तट्टाचें, गांवोगांव फिरणाऱ्या अंमलदाराचें खोगीर उकिरड्यावर जातें. अशा साध्या वस्तूंची ओळख पटविणारा एक कागद आहे, आणि त्याची किंमत आमच्याकडे फार थोड्यांस कळलेली आहे. तो कागद म्हणजे कारखानदाराचें सूचीपत्र, ज्यास आपण बोलतांना कॅटलॉग म्हणतों.

अमेरिकेंत हा नाद चांगलाच रुजलेला आहे. तेथील कोलोराडो प्रांतांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत, खाणींवर व गुरांच्या कुरणांवर माणसांची रीघ लागलेली असतांना, हर्मन हायझर नांवाच्या एका जर्मन कारागिरानें आपलें दुकान मांडलें. आणि पुढें डेन्व्हर शहरांतील त्याचा खोगिरांचा व पिस्तुलाच्या कातडी म्यानांचा कारखाना सर्वत्र नांवाजला गेला. एकांत एक गुंफलेले तीन ‘एच’ ही त्याच्या मालाची खूण. या कारखान्याच्या पिस्तुलाच्या म्यानावर कारखान्याचा शिक्का असे आणि बहुधा नमुन्याचा आंकडाही ठोकलेला असे. आज असें एखादें म्यान कोणाच्या हातीं पडलें तर तो तो आंकडा पाहतो, निरनिराळ्या सालांचीं सूचीपत्रें काढतो, आणि कोणत्या सूचीपत्रांत हा आंकडा प्रथम आला, कोणत्यांत गळला, चित्रांतील पट्ट्याचें वळण व हातांतल्या पट्ट्याचें वळण एकच आहे कीं काय, हें ताडून वस्तूचा काळ ठरवितो. शिक्क्याचा घाट आणि त्यांतील अक्षरें वेळोवेळीं बदललीं. तींही मदतीस येतात. ऑरेगॉन प्रांतांतील पेंडल्टन गांवच्या हॅम्ली कंपनीचीं सूचीपत्रें अशींच शोधलीं जातात. ही कंपनी १८८३ सालची असून १९०५ पासून पेंडल्टन येथें आहे. कांहीं वेळां मूळ वस्तूपेक्षां सूचीपत्रच दुर्मिळ ठरतें. याचें कारण उघड आहे. म्यान कमरेला होतें, म्हणून तें जपलें गेलें. सूचीपत्र पुढच्या वर्षीं नवें आलें कीं चुलीत गेलें.

सूचीपत्राचा काळ ठरविणें ही स्वतंत्र विद्याच आहे. पुष्कळ कारखानदार त्यावर साल घालीत नसत, नुसता अनुक्रमांक घालीत. साल घातलें तर माल शिळा वाटेल ही भीति. मग शोध घेणारा दुकानाचा पत्ता पाहतो, कारण दुकानें जागा बदलतात. टेलिफोनचा आंकडा आहे कीं नाहीं, असल्यास किती अंकी आहे, हें पाहतो. प्रदर्शनांत मिळालेल्या पदकांचीं चित्रें छापलेलीं असतात. शेवटच्या पदकाचें साल कळलें म्हणजे सूचीपत्र त्याच्या अलीकडचें हें ठरलें. चित्रांची तऱ्हा पाहतो: लांकडी ठशांवर कोरलेलीं रेषाचित्रें असतील तर तें बहुधा जुनें, बारीक ठिपक्यांनीं छापलेलीं छायाचित्रें असतील तर नंतरचें. आंत एखादें किंमती वाढल्याचें सुटें पत्रक, मागणीचा कोरा फॉर्म, किंवा ज्या पाकिटांतून तें आलें तें पोस्टाचा शिक्का असलेलें पाकीट मिळालें तर शोधणाऱ्यास आनंदाचें भरतें येतें. खरा जाणकार पेन्सिलीच्या खुणाही खोडीत नाहीं. कोणीं तरी, कधीं तरी, दोन जिनांवर खूण करून एकावर काट मारली. त्या काटेंत एका घरच्या मिळकतीचा हिशेब असतो.

लबाडीही आहेच. नांवाजलेल्या कारखान्यांच्या जुन्या सूचीपत्रांचीं पुनर्मुद्रणें निघालेलीं आहेत. तीं प्रामाणिकपणें पुनर्मुद्रणें म्हणून विकलीं गेलीं तर वाचनास उत्तमच. परंतु दोन हातांतून फिरल्यावर तींच ‘अस्सल’ होतात. भिंगाखालीं धरलें असतां मूळच्या सलग रेषेच्या ठिकाणीं ठिपके दिसूं लागले, कीं समजावें कीं हें चित्राचें चित्र आहे. टांचणीचा गंज कागदांत उतरलेला आहे कीं नाहीं, घड्यांच्या कडा खरोखर झिजलेल्या आहेत कीं नाहीं, हेंही पाहावें. केवळ पिवळा रंग पाहून भुलूं नये. चहाच्या पाण्यानें कागद पिवळा करतां येतो हें लहान मुलांसही ठाऊक आहे.

वाचक विचारतील, कीं हें सारें डेन्व्हरास ठीक. मावळांत बसून आम्हांस त्याचें काय? तर मावळाइतका घोड्याच्या सामानाचा जुना पुरावा फारच थोड्या तालुक्यांस लाभला असेल. मळवली स्टेशनाच्या एका बाजूस भाजें आणि दुसऱ्या बाजूस कार्लें. कार्ल्याच्या चैत्यगृहांत खांबांच्या माथ्यावर हत्तींवर व घोड्यांवर बसलेलीं माणसें कोरलेलीं आहेत, हें बहुतेकांनीं एकवीरेच्या दर्शनास जातांना पाहिलेलें असतें. भाज्यांचें महत्त्व त्याहून निराळें आहे. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकांतील या लेण्यांत, तसेंच सांची व मथुरा येथील शिल्पांत, स्वारांचे पाय घोड्याच्या तंगांत अडकविलेले दिसतात असें संशोधकांनीं नमूद केलें आहे. म्हणजे धातूची रिकीब प्रचारांत येण्यापूर्वीं पायास आधार देण्याची कल्पना जगांत जेथें जेथें प्रथम दिसते, त्या थोड्या जागांपैकीं एक लोणावळ्याहून हांकेच्या अंतरावर आहे. याला दगडांतलें सूचीपत्र म्हटलें तर अतिशयोक्ति होईल, पण फारशी नाहीं.

पुढील काळ तर घोड्यांचाच होता. तळेगांव हें सेनापति दाभाड्यांचें ठाणें. खंडेराव दाभाडे १७२९ सालीं वारले, त्यांचे पुत्र त्र्यंबकराव १७३१ सालीं डभईच्या लढाईंत पडले, आणि त्यानंतर त्या मोठ्या सैन्याचा कारभार उमाबाईंनीं पाहिला. मराठी फौजेंत स्वतःचा घोडा व स्वतःचें सामान घेऊन येई तो शिलेदार, आणि सरकारी घोड्यावर बसे तो बारगीर. हा भेद म्हणजे एका अर्थीं खोगीर कोणाच्या खर्चाचें याचाच भेद होय. इंग्रजांनींही ही शिलेदारी पद्धत आपल्या हिंदी रिसाल्यांत उचलली आणि पहिल्या महायुद्धानंतर ती मोडेपर्यंत चालविली. बोरघाटांत १८३० सालीं, सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असतांना, गाडीरस्ता खुला झाला. पुण्याहून खंडाळ्यापर्यंत आगगाडी १८५८ सालीं आली. आणि घाटांतील लोहमार्ग पुरा व्हावयास १८६३ साल उजाडलें. मधल्या पांच वर्षांत उतारूंनीं घाट उतरावयाचा तो पालखींत, डोलींत किंवा तट्टावर बसून. त्या तट्टांच्या पाठीवरचीं खोगिरें कोणीं शिवलीं?

येथें मुख्य गोष्ट येते. तीं शिवलीं जीनगरांनीं. जीन म्हणजे खोगीर आणि तें करणारा तो जीनगर. हा फारसी शब्द आमच्याकडे एका जातीचें नांव होऊन बसला. जुन्या गांवांतून जीनगर आळी, जीनगर गल्ली अशीं नांवें अजून ऐकूं येतात. पेशवाई बुडाली, सरदारांच्या पागा मोडल्या, आणि या कसबी लोकांचा मूळ धंदा बसला. परंतु हात कसबी होते. त्यांनीं धातूचें ओतकाम धरलें, चित्रें रंगविलीं, मातीच्या मूर्ति केल्या, लांकूड कोरलें, कुलुपें व घड्याळें दुरुस्त केलीं. पुणें जिल्ह्याच्या १८८५ च्या गॅझेटिअरांत त्यांच्या या नाना धंद्यांची नोंद आहे. पण त्यांच्या मूळ धंद्याची नोंद? पुण्याच्या पेशवे दप्तरांत मोडी कागदांचे रुमालचे रुमाल आहेत. खर्च सांपडेल, रुपये-आणे सांपडतील. परंतु खोगिराचा घाट कसा होता, दुमची कोठें जोडीत, पेशबंदाला किती टांके घालीत, हें सांगणारें एक चित्र वा किंमतीचें एक पत्रक जीनगरांनीं मागें ठेविलें नाहीं. ठेवणार कसें? त्यांचा माल हुकमावरून होई, दुकानाच्या जाहिरातीवरून नव्हे. आणि आमच्यासारख्या ज्या घरांतून लेखणी होती, त्या घरांतून चामड्याला हात लावणें विटाळ मानीत. लिहिणारे हात आणि शिवणारे हात यांची गांठ पडली नाहीं, हें त्याचें खरें कारण. आणि तें दैवावर ढकलण्यांत अर्थ नाहीं. डेन्व्हरच्या एका कारागिराचें म्यान कोणत्या काळचें तें आज सांगतां येतें. पुण्याच्या जीनगराचें खोगीर शतकाच्या अंदाजानेंही सांगणें कठीण जातें.

त्यामुळें हिंदुस्थानांतील खोगिराची छापील हकीकत परक्यांच्या सूचीपत्रांतून वाचावी लागते. इंग्लंडांत या धंद्याचें माहेरघर म्हणजे वॉल्सॉल. तेथील फुटबॉलच्या संघास अजूनही ‘जीनगर’ म्हणतात, आणि तेथें चर्मकामाचें स्वतंत्र संग्रहालय आहे. आमच्या देशांत हा मान कानपूरचा. १८५७ च्या धामधुमीनंतर फौजेस लागणाऱ्या सामानासाठीं तेथें सरकारी कारखाना निघाला, मागून कूपर ॲलन कंपनी आली. बाभळीची साल व गंगेचें पाणी दोन्हीं हाताशीं होतीं. कानपूरचीं खोगिरें अद्याप परदेशीं जातात आणि त्यांस भौगोलिक मानांकनही मिळालेलें आहे.

परंतु संग्राहकास सर्वांत जवळचें वाटतें तें मुंबईच्या आर्मी ॲण्ड नेव्ही स्टोअर्सचें सूचीपत्र. १८७१ सालीं लंडनमध्यें लष्करी अंमलदारांनीं आपला माल स्वस्त मिळावा म्हणून ही सहकारी मंडळी काढली; १८९१ सालीं तिची मुंबईस शाखा झाली. काळा घोड्याजवळ डेव्हिड ससून वाचनालयाला लागून तिची इमारत अजून उभी आहे, दुकान मात्र केव्हांच उठलें. या मंडळीचें सूचीपत्र हजारावर पानांचें असे. सुईपासून तंबूपर्यंत जें जें म्हणून साहेबाला व मडमेला लागे, तें तें त्यांत चित्रासह व किंमतीसह दिलेलें. १९०७ सालचें सूचीपत्र १९६९ सालीं पुस्तकरूपानें पुन्हां छापलें गेलें, आणि सहज चाळावयास घेतलेलें तें पुस्तक दोन दोन तास हातांतून सुटत नाहीं. मुंबईहून घाट चढून हवा खावयास येणाऱ्या गोऱ्या कुटुंबांच्या सामानांत हा जाडजूड ग्रंथ नसता तरच नवल.

त्यांतील घोड्याच्या सामानाचीं पानें आमच्या भगिनींनीं मुद्दाम पाहावीं. पुरुषांच्या जिनाशेजारीं स्त्रियांचें एकबाजूचें जीन दिलेलें असे: दोन्ही पाय डावीकडे, उजवी मांडी एका शिंगासारख्या आधारावर टेंकलेली, आणि डाव्या मांडीवर वांकविलेलें दुसरें शिंग. घागऱ्याची अदब राखण्यासाठीं केलेली ही कसरत. घोडा पडला तर बाईस सुटका होणें कठीण. पुढच्या काळांतील सूचीपत्रें घेतलीं तर हीं जिनें कमी कमी होत गेलेलीं दिसतात, कारण पहिल्या महायुद्धानंतर तिकडील स्त्रिया पुरुषांप्रमाणें दोन्ही बाजूंस पाय टाकून बसूं लागल्या. आमच्याकडे मराठे सरदारांच्या घरच्या स्त्रिया कासोट्याच्या लुगड्यानें घोड्यावर सरळ मांड घालीत. त्यांना हें शिंग कधीं लागलें नाहीं.

पिस्तुलाचीं म्यानें या सूचीपत्रांतून वेगळ्या सदरांत, पट्ट्यांबरोबर येतात. खांद्यावरून तिरपा येणारा जो पट्टा आज पोलीस अधिकाऱ्याच्या अंगावर आपण पाहतों, तो जनरल सॅम ब्राऊन याची कल्पना. १८५८ सालीं उत्तर हिंदुस्थानांतील लढाईंत त्याचा डावा हात गेला. एका हातानें तरवार उपसतां यावी आणि पिस्तूल जागचें हालूं नये म्हणून त्यानें हा पट्टा काढला, आणि तो सर्व जगानें उचलला. आमच्या सामान्य घरांतून मात्र म्यानाचें सूचीपत्र सांपडण्याचा संभव कमी, कारण १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानंतर परवान्यावांचून म्यानांत घालावयास कांहीं उरलेंच नव्हतें.

घोडा गेल्यावर खोगीर कोठें गेलें, याचें उत्तर मोठें मौजेचें आहे. तें सायकलवर चढलें. बर्मिंगहॅमच्या जॉन ब्रूक्स यानें १८६६ सालीं घोड्याच्या सामानाचा धंदा काढला आणि १८८२ सालीं सायकलच्या कातडी बैठकीचें पेटंट घेतलें. त्याचा घोडा मेला, उसनी घेतलेली सायकल बसावयास टोंचली, त्यांतून ही बैठक निघाली, असें सांगतात. ब्रूक्सचीं जुनीं सूचीपत्रेंही आतां जमविलीं जातात. आणि इकडे १८८८ सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं बेळगांवीं दुकान काढलें तेंही सायकलींचेंच. पुढें नांगर आले, १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसली, आणि १९२० सालीं कारखान्याच्या मालाची व कामाची माहिती देण्यासाठीं ‘किर्लोस्कर खबर’ निघूं लागली. तीच पुढें ‘किर्लोस्कर’ नांवाचें मासिक होऊन घराघरांतून वाचली गेली. मराठी कौटुंबिक मासिकांच्या वंशावळींत एक पूर्वज कारखान्याचें पत्रक आहे, हें विसरून चालणार नाहीं. तो अंक कोणीं जपून ठेवला असेल, तर त्यांतील कथा-निबंधांइतक्याच जाहिराती जपाव्या.

आतां व्यवहाराचें थोडें. लोणावळें-खंडाळ्यास जुने बंगले पाडून नव्या इमारती उठत आहेत. माळे रिकामे होतात आणि रद्दीवाला हातगाडी घेऊन उभा असतो. एकत्र कुटुंबाच्या वांटण्या होतात तेव्हां तांब्यापितळेची भांडीं मोजून घेतात, ट्रंकेच्या तळचे कागद कोणी मोजत नाहीं. त्या तळाशीं शिवणयंत्राचें, औषधांचें, बियाण्यांचें, सायकलीचें, क्वचित् घोड्याच्या सामानाचें सूचीपत्र असतें. पुण्यास बुधवारीं व रविवारीं भरत आलेल्या जुन्या बाजारांत, मुंबईच्या चोरबाजारांत, असे कागद शेरावर विकले जातांना ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांस अधिक सांगणें नको. विकत घेतांना घासाघीस करावी, पण कोठून आलें तें विकणाऱ्यास अवश्य विचारावें व त्याच दिवशीं टिपून ठेवावें. गांव व घर कळलेलें सूचीपत्र हें बेवारशी सूचीपत्रापेक्षां दसपट बोलतें. आणि मावळांत कोणा जीनगराच्या घरीं आरी, दाभण, कातडें कापण्याचे ठोकताळे अजून असतील, तर तेही सूचीपत्राच्याच तोलाचे समजून त्यांचे फोटो घ्यावे, नांवें त्या घरच्याच माणसांकडून विचारून लिहावीं. घाटाखालीं माथेरानास मोटारींस बंदी असल्यामुळें घोडे अजून रोज चालतात, त्यांचीं जिनें रोज उसवतात व शिवलीं जातात. तेथें जाऊन निव्वळ फेरी मारून परतणाऱ्यांनीं जीन दुरुस्त करणाऱ्यापाशीं अर्धा तास बसण्यास हरकत नाहीं.

लोणावळ्याचा पाऊस हा कागदाचा व कातड्याचा दोघांचाही वैरी. वर्षास चार हजार मिलिमीटरांच्या वर पडणाऱ्या या पावसांत, चाळीस मैलांवरील पुण्यास चालणारी व्यवस्था चालत नाहीं. संग्रह शक्य तर पावसाळ्यापुरता पुण्यास किंवा निदान तळेगांवास नातलगांकडे पाठवावा. तें न जमलें तर पत्र्याच्या घट्ट झांकणाच्या पेटींत ठेवावा, आंत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घालाव्या व त्या मधूनमधून तापवून पुन्हां ठेवाव्या. आजोबांच्या पोथ्यांत असे तसें वेखंड ठेवल्यास कसरीला आळा बसतो. कातडी वस्तु व कागद एका पेटींत कधीं ठेवूं नयेत. एकाची बुरशी दुसऱ्यास लागते, आणि कातड्यास लावलेलें तेल कागदावर उतरतें. गंजलेल्या टांचण्या अलगद काढून त्या जागीं दोरा घालावा. पानें उन्हांत वाळवूं नयेत, सावलींत वाऱ्यावर ठेवावीं. दोन सूचीपत्रांच्या मध्यें आम्लरहित कोरा कागद घालावा. वर्तमानपत्राचा घालूं नये, त्याचा पिवळेपणा शेजारच्या पानास लागतो.